काना कुठून आला?

डोंबिवलीच्या सकाळच्या फास्ट गाडीत दर डब्यामागे एक भजनी मंडळ, एक शेअरवाला आणि एक कोडेकाका असतो. भजनी मंडळाला टाळ लागतात, शेअरवाल्याला रेंज लागते, कोडेकाकांना माणूस लागतो. कोडं सोडवताना कुणी लुडबुड केलेली त्यांना खपत नाही. ते काम एकट्याचं. पण उकल एकट्याला सांगता येत नाही. तिला समोर दोन कान हवेत, आणि त्या कानांना ठाण्यापर्यंत पळून जायला जागा नको. ही सोय आमच्या गाडीइतकी उत्तम दुसरीकडे कुठे नसेल.

कोडेकाका ओळखायला वेळ लागत नाही. वय पंचावन्नच्या पुढे. नोकरी बँकेत नाहीतर विम्यात, फोर्टात. खिशात दोन पेनं. पेपराची घडी इतकी बारीक, की कोड्याची चौकट तेवढी वर राहते आणि बाकीचं जग आत जातं. चौथ्या सीटवर अर्धे बसलेले, अर्धे हवेत. तरी पेपर हलत नाही. समासात अक्षरं गोलाकार मांडलेली. ही गोल मांडणी म्हणजे विस्कटलेला शब्द जुळवण्याची जगभरातल्या कोडेवाल्यांची रीत. शेजाऱ्याला मात्र वाटतं, काका कुणाची तरी पत्रिका मांडतायत.

कोडं अर्थातच इंग्रजी पेपरातलं क्रिप्टिक. मराठी पेपरातल्या साध्या शब्दकोड्याबद्दल त्यांचं मत चांगलं नाही. सूर्य, दोन अक्षरी. कमळ, तीन अक्षरी. हत्ती, तीन अक्षरी, आणि उत्तर कुंजर. कुंजर हा प्राणी आता फक्त शब्दकोड्यातच शिल्लक आहे असं ते म्हणतात. "हे कोडं नाही हो, हे पाठांतर झालं. कोडं म्हणजे कसं, त्याने तोंडावर खोटं बोलायचं आणि तरी शब्दन् शब्द खरा असला पाहिजे."

हे तोंडावर खोटं बोलणं आपल्या भाषेत का नाही, या हट्टापायी त्यांनी मराठी गूढ कोडी रचायला घेतली. जुन्या पे-इन स्लिपच्या पाठीवर चौकट आखायची, झेरॉक्स काढायच्या आणि डब्यात वाटायच्या. झेरॉक्सचे पैसे मागत नाहीत. वसुली वेगळ्या मार्गाने होते.

"पगाराचा पहिला हप्ता गेला, बाकी थंड. दोन अक्षरं." काकांनी हे इयरफोनवाल्या एका पोराला टाकलं. पोरगा नवीन, घाटकोपरला उतरून मेट्रो धरणारा. घराचं कर्ज ताजं, त्यामुळे हप्ता शब्द ऐकून त्याने एक कान मोकळा केला. ही त्याची चूक.

"पगार. पहिलं अक्षर गेलं. काय राहिलं? गार. गार म्हणजे थंड. आलं लक्षात?"

आलं होतं. पोरगा हसलाही. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण कोडेकाकांच्या लेखी गोष्ट आत्ता कुठे सुरू होते. "आता बघ, 'हप्ता' का म्हटलं मी? 'तुकडा' म्हणू शकलो असतो. 'हप्ता' म्हटल्यावर तुझं मन कुठे गेलं? बँकेत. तिथे मी तुला पाठवलं. आणि 'बाकी' हा शब्द बघ, दोन्हीकडे चालतो. वजाबाकीतली बाकी आणि शिल्लक बाकी..." दिवा गेलं. मुंब्रा गेलं. पोराच्या चेहऱ्यावरचं हसू कळव्यापर्यंत तसंच होतं, कारण ते काढायची संधीच मिळाली नाही.

पूर्वी निदान पारसिकचा बोगदा होता. फास्ट गाडी बोगद्यात शिरली की अंधार आणि धडधड, सव्वा किलोमीटरच्या वर. तेवढा वेळ काका गप्प बसायचे आणि माणसं श्वास घ्यायची. २०२२ मध्ये नवे रूळ झाले, फास्ट लोकल बोगदा सोडून मुंब्र्या-कळव्यावरून उजेडातून जाऊ लागली. रेल्वेने वक्तशीरपणाचा विचार केला. आमच्या कानांचा केला नाही.

काकांचा एक कायदा आहे. क्लूला दोन टोकं असतात: एका टोकाला सरळ अर्थ, दुसऱ्या टोकाला अक्षरांचा खेळ, आणि त्यात एकही फुकट्या शब्द नको. हा कायदा मॅकनट नावाच्या एका इंग्रज मास्तराने १९६६ साली पुस्तक लिहून पक्का केला. मॅकनट ग्रीक-लॅटिन शिकवायचा आणि 'ऑब्झर्व्हर'मध्ये झिमेनीझ या टोपणनावाने कोडी घालायचा. त्याच्या आधी त्याच पेपरात १९२६ पासून कोडी घालणाऱ्याचं टोपणनाव तोर्केमादा. दोन्ही नावं स्पेनमधल्या धर्मन्यायाधीशांची, माणसांचा छळ करून कबुलीजबाब काढणाऱ्यांची. काका ही माहिती मोठ्या कौतुकाने सांगतात. ऐकणारे एकमेकांकडे बघतात.

इंग्रजांचं कौतुक झाल्यावर लगेच तोल सावरला जातो. "पण हे सगळं आपल्याकडे आधीच होतं." डोंबिवलीत हे वाक्य कुठल्याही विषयावर ऐकू येतं, पण इथे काकांजवळ पुरावे आहेत. वाल्या कोळ्याला नारदांनी काय दिलं? 'मरा'. उलटवा, राम. जगातला पहिला उलटा क्लू, आणि सोडवायला वाल्याला वारूळ अंगावर चढेपर्यंत वेळ लागला. व्यासांनी महाभारतात म्हणे ८८०० कूट श्लोक घातले, ते गणपतीचा लिहिण्याचा वेग आवरायला. म्हणजे विद्येच्या देवालाही पेन थांबवायला लावणारे क्लू. आणि मोरोपंत! बारामतीला बसून त्यांनी १०८ रामायणं लिहिली म्हणतात, त्यातलं एक निरोष्ठ, म्हणजे प-फ-ब-भ-म ही ओठ मिटवणारी अक्षरं अजिबात न वापरता. आता राम या नावातच म आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे पंतांची चिकाटी कळते. खरं सांगायचं तर या पुराव्यांपुढे मीही दरवेळी गप्प होतो.

काकांचे काही क्लू मात्र खरोखर ऐकण्यासारखे. 'मंगळवारी मासे नाहीत, पण पकडायचं साधन आत आहे (२)': मंगळवारच्या पोटात गळ. 'घोड्याच्या पायातलं वाचनालयात सापडलं (२)': नाल. 'आंबा हिंदीत, चहा इंग्रजीत, दोन्ही भातावर (३)': आम आणि टी, आमटी. 'ताल उलटला तरी गातेच (२)': लता. हा शेवटचा सुचला त्या दिवशी काका कुणाशी बोललेच नाहीत. नुसते खिडकीबाहेर बघत होते. स्टेशनांवर तर त्यांचा हात विशेष चालतो. ठाण्याचा शेजारी म्हणतो निरोप द्या: कळवा. गर्दीत बरगडीला लागतं, मग डोंबिवली येते: कोपर. गाडी तिथवर गेली तर सर्वांचं भलं: कल्याण. सूड घेणारा महापूर, अंबरनाथच्या पुढे (५): बदलापूर. हा क्लू त्यांनी जुलै २०१९ नंतर वापरायचा सोडला. त्या महिन्यात बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, हेलिकॉप्टर आणि बोटी आणून माणसं काढावी लागली होती. "क्लू चांगला आहे, पण माणसं होती हो गाडीत," एवढंच म्हणाले. उकल सांगितली नाही. काकांनी आपणहून न सांगितलेली मला ठाऊक असलेली ही एकच.

काकांना एक जोडीदार आहे: कल्याणचे मास्तर. दादरच्या शाळेत मराठी शिकवतात. गाडीत आधी चढतात, म्हणून काकांची जागा धरून ठेवतात, आणि या उपकारापोटी काका त्यांना शत्रू मानतात. शत्रुत्वाचं मूळ मात्रेत आहे. इंग्रजीत एका घरात एक अक्षर, कुठलंही उचला, कुठेही ठेवा. मराठीत एका घरात अख्खं अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षरालाही एकच घर. त्यामुळे कल्याण तीन घरांत मावतं. पण शब्द विस्कटून पुन्हा जुळवायचा झाला की पंचाईत. 'का' आणि 'क' ही दोन वेगळी माणसं, एकाचं काम दुसरा करत नाही. मास्तर म्हणतात, मात्रा सुटी धरा, हवी तिथे लावा, कोडी हजारपट वाढतील. काका म्हणतात, ही चोरी आहे. "एका घरातला काना उचलून दुसऱ्या घरात? उद्या माणसं शेजाऱ्याच्या दारातल्या चपला घालून जातील."

मास्तरांनी एकदा फार सुंदर क्लू आणला: 'दिन उलटला, वाहू लागली (२).' उत्तर नदी. डबा वा वा म्हणाला. काकांनी पेनाचं टोपण काढलं. "दिन मधला दि ऱ्हस्व. उलटवल्यावर येते नदि. अशी नदी महाराष्ट्रात वाहत नाही." मास्तर, तेही मराठीचे मास्तर, लाल झाले. शेवटी काकांनीच दुरुस्ती सुचवली, 'दीन उलटला की वाहते', आणि वर म्हणाले, दीन दुबळ्यांचा विचार केला की शुद्धलेखन आपोआप सुधारतं. मास्तर तीन दिवस पुढच्या डब्यात होते. चौथ्या दिवशी परत आले ते एक माहिती घेऊन: कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. काका शब्दकोश बघायला ठाण्याला जातात, म्हणून हा घाव.

काकांचं एक पंचांगही आहे. २१ डिसेंबरला ते डब्यात पेढे वाटतात, कारण १९१३ साली त्या दिवशी आर्थर विन नावाच्या माणसाचं पहिलं शब्दकोडं न्यूयॉर्कच्या एका पेपरात आलं. जानेवारीत गोष्ट येते ती १९४२ ची: लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'ने वाचकांना ऑफिसात बसवून बारा मिनिटांत कोडं सोडवायला लावलं, आणि पुढे त्यातल्या काहींना जर्मनांचे गुप्त संदेश उलगडणाऱ्या ब्लेचली पार्कच्या कामासाठी बोलावणी गेली. "मी त्या वेळी असतो तर..." असं म्हणून काका थांबतात. एकदा भजनी मंडळातल्या पखवाजवाल्याने वाक्य पुरं केलं, "तर काका, त्या सालात इकडे लोक चले जाव म्हणत तुरुंगात गेले होते, आणि तुम्ही लंडनला पेपर सोडवायला." काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पखवाजवाल्याला श्लेष कळत नाही असं त्यांचं फार पूर्वीपासून मत आहे.

६ जूनची गोष्ट मात्र मास्तर सांगतात, आणि दरवर्षी. १९४४ च्या मे महिन्यात आणि जूनच्या सुरुवातीला त्याच टेलिग्राफच्या कोड्यांत यूटा, ओमाहा, मलबेरी, नेपच्यून, ओव्हरलॉर्ड अशी उत्तरं येत गेली. नॉर्मंडीवरच्या स्वारीची ती गुप्त नावं. गुप्तहेर खात्याची माणसं कोडं रचणाऱ्या लेनर्ड डॉ यांच्या दारात. डॉ शाळेचे मुख्याध्यापक. पुढे १९८४ मध्ये त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं, की सर आम्हां पोरांकडूनच चौकटी भरून घ्यायचे आणि आम्ही जवळच्या छावणीतल्या सैनिकांच्या तोंडून ऐकलेले शब्द घालायचो. "म्हणजे मास्तर काम पोरांवर ढकलतात ही जुनी परंपरा आहे," काका म्हणतात. तेही दरवर्षी.

घरी काय होतं हे आम्हांला कळतं ते काकांच्याच बोलण्यातून. सरळ बोललेलं या माणसाला सरळ ऐकूच येत नाही. मिसेस म्हणाल्या, "दूध संपलंय." काका म्हणाले, "बरं, आणि दुसरं टोक?" सोसायटीची नोटीस आली: पाणी सोमवारी बंद राहील याची नोंद घ्यावी. काकांनी 'नोंद घ्यावी'ला पेनाने गोल केला, फुकट्या शब्द म्हणून. सोमवारी बादल्या भरलेल्या नव्हत्या. जावई बघायला गेले तेव्हा मुलाच्या वडिलांनी "आमची काही अपेक्षा नाही" म्हटलं, आणि काका घरी येऊन रात्री दीडपर्यंत त्या वाक्यात काय दडलंय ते शोधत बसले. एवढं एक मात्र त्यांना सापडलं, आणि ते स्थळ मोडलं ते बरंच झालं असं मिसेसही म्हणतात.

मिसेसना कोड्यांचा राग आहे आणि त्यांच्याकडे त्याला कायद्याचा आधार आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्याकडे शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचं वेड होतं. प्रवेश फी भरायची आणि कोडं सोडवून पाठवायचं. अडचण अशी, की एकाच घरात दोन अक्षरं सारखीच बसायची, आणि बरोबर कुठलं ते संपादकाने आधीच ठरवून ठेवलेलं. बेंगळुरूहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार'मधली आर. एम. डी. चमारबागवाला यांची स्पर्धा तर मुंबई राज्यातही जोरात. मुंबई सरकारने कर लावला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ९ एप्रिल १९५७ ला निकाल लागला: ही स्पर्धा बुद्धीची नव्हे, हा जुगार. त्याआधी १९५५ चा केंद्राचा कायदा आलाच होता, महिन्याला हजार रुपयांच्या वर बक्षीस नाही. काकांच्या वडिलांचे या नादात पैसे गेले होते. मिसेसना सासूबाईंनी हा निकाल तारखेसकट सांगून ठेवलेला. काका चौकट आखायला बसले की आतून आवाज येतो, "अहो, सुप्रीम कोर्टाने काय म्हटलंय?" काका पे-इन स्लिपवरून मान वर न करता सांगतात, की तो निकाल दोन उत्तरं बसणाऱ्या कोड्यांबद्दल आहे; चांगल्या क्लूचं उत्तर एकच, आणि ते सिद्ध करता येतं. हा मुद्दा वकिलाने मांडावा इतका चोख आहे. पोळ्या लाटताना ऐकायचा नसतो, एवढंच.

आणि मग गेल्या श्रावणात मास्तरांनी तो क्लू आणला. 'वार उलटला तरी सत्यनारायणाला लागतोच (२).' दुसऱ्या घरात 'वा' आधीच बसलेला, उभ्या कळवामुळे.

काकांनी वार म्हणजे वाराचं नाव धरलं. तिथेच गाडी सायडिंगला गेली. मंगळ तीन अक्षरी, बाद. सोम उलटवला, मसो. बुध, धबु. गुरु, रुगु. शुक्र, क्रशु, हा तर कुठल्या तरी राक्षसाचा मेहुणा वाटला. रवि उलटवून विर आला तेव्हा क्षणभर डोळे चमकले, पण ऱ्हस्व वि आडवा आला, आणि शेवटी 'वा'ही नाही. मग रात्रीतून त्यांना उत्तर दिसलं आणि दुसऱ्या दिवशी डोंबिवली सुटताच सुरुवात झाली.

"दिवा! सत्यनारायणाला दिवा लागतोच, कबूल? आता उकल बघा. वार म्हणजे दिवस. दिवस उलटला म्हणजे काय झाला? सरला. सरला म्हणजे शेवट गेला. 'दिवस'चा शेवट कुठला? 'स'. 'स' गेला, राहिलं 'दिव'. दिव म्हणजेच दिवा. मास्तर, मानलं तुम्हांला. आणि कुठलं स्टेशन येतंय बघा!" गाडी खरंच दिव्यातून चालली होती. डबा थक्क झाला. पखवाजवाल्यानेसुद्धा मान हलवली. मास्तर नुसते बघत राहिले; त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला काका कौतुक समजले.

इयरफोनवाल्या पोराने एक कान मोकळा केला. "काका, काना कुठून आला?"

"कुठला काना?"

"दिवमध्ये काना नाही. दिव्यात आहे. आणि काना उचलून आणणं म्हणजे चोरी ना?"

मुंब्र्यापासून ठाण्यापर्यंत त्या दिवशी भजनी मंडळाचा आवाज फार स्वच्छ ऐकू आला.

संध्याकाळी काकांनी कोडं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मोठ्याने वाचलं. विचारलं नव्हतं, नुसतं वाचलं. मिसेस भेंडी चिरत होत्या. "रवा," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? सत्यनारायणाच्या प्रसादाला रवा नाही तर काय पोहे घालतात? सव्वाच्या मापाने आणा म्हटलं होतं, बारीक आणलात तो वेगळाच."

"तसं नसतं ते. वार कुठे गेला मग? उलटला कुठे?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

काकांनी बघितलं. वार. वा आणि र. कुठल्याही वाराचं नाव नाही, पोटात काही दडलेलं नाही, नुसता शब्द, उघड्यावर ठेवलेला. उलटवला. बराच वेळ ते उंबऱ्यावरच होते, आणि मिसेस दोनदा त्यांना ओलांडून गॅसपाशी गेल्या.

दुसऱ्या दिवशीची उकल डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत पुरून उरली. मास्तरांनी शब्द लपवण्यासाठी तो सर्वांत उजेडात कसा ठेवला, अनुभवी माणूस वाराचं नाव शोधत जाणार हे त्यांनी कसं ओळखलं, 'लागतोच'मधला पुल्लिंगी 'तो' साखरेला कसा बाहेर ठेवतो आणि साजूक तुपाला का जवळ येऊ देत नाही, सगळं आलं. शिऱ्याची कल्पना आपल्याला एकदम कशी स्फुरली तेही आलं. पोराने कळव्याला एकदा विचारलं, की हे घरी कुणी सांगितलं का. काकांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, उकलीचा नियम आहे, क्लूमध्ये नाही ते माणूस बाहेरून आणायचं नाही.